१,४०० किलोमीटर जास्त, दोन तास कमी: दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाणाचे प्रकरण

१६ ऑक्टोबर २०१६, रविवार. पहाटे चारच्या सुमारास एअर इंडियाचे एआय १७३ दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. या दोन शहरांमधली विनाथांबा सेवा डिसेंबर २०१५ पासून चालू होती, त्यामुळे उड्डाण नवे नव्हते. नवी होती ती दिशा. आधीचे दहा महिने विमान दिल्लीहून वायव्येला वळायचे, युरोप आणि अटलांटिक ओलांडायचे आणि मग अख्खे उत्तर अमेरिका खंड पार करून कॅलिफोर्नियाला उतरायचे. त्या रविवारी ते पूर्वेला वळले. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान, आणि तिथून पुढे फक्त पॅसिफिक.

त्या उड्डाणाचे आकडे तेव्हा सगळीकडे छापून आले. नव्या वाटेने अंतर १५,३०० किलोमीटर, वेळ साडेचौदा तास. जुन्या वाटेने अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, आणि वेळ जवळपास दोन तास जास्त. म्हणजे विमानाने १,४०० किलोमीटरचा वळसा घेतला आणि तरी ते लवकर पोहोचले. हीच दोन नावे अंतर मोजणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर टाकली, तर तिसराच आकडा हाती येतो: साधारण १२,४०० किलोमीटर. विमानतळ तेच, अंतरे तीन. यातले खरे कोणते, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. प्रत्येक आकडा कशाचे माप आहे आणि त्यातला कोणता तासांशी बांधलेला आहे, हे पाहिले तर प्रकरण उलगडते.

गोलावरची रेघ

संकेतस्थळाला विमान माहीत नसते, वारा माहीत नसतो, देशांच्या सीमाही माहीत नसतात. त्याच्याकडे फक्त दोन बिंदू असतात. दिल्लीचा विमानतळ २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन बिंदूंकडे रेषा काढल्या, तर त्यांच्यातला कोन १११.३ अंशांचा भरतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की १२,३८० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे (विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७), त्यामुळे वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ही रेघ म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा, गोलाच्या पृष्ठभागावरची सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ती दिसत नाही. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या अक्षांशांत जेमतेम नऊ अंशांचा फरक आहे, म्हणून नकाशा पाहणाऱ्याला वाटते की विमान आडवे गेले की झाले. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो सरळ उत्तरेकडे पळतो. मी गणित करून या दोऱ्याचे टप्पे काढले. दिल्लीहून तो उत्तरेच्या सोळा अंश पूर्वेला निघतो. लडाखच्या पूर्वेकडून तिबेटच्या पठाराची पश्चिम कड ओलांडतो, मग तक्लामकानचे वाळवंट, मग अल्ताई पर्वत, मग सैबेरिया. आर्क्टिक महासागरावर तो ७५.६ अंश उत्तरेपर्यंत चढतो, अलास्काच्या अगदी उत्तर टोकाजवळ पुन्हा जमिनीवर येतो आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून खाली कॅलिफोर्नियाला उतरतो. सगळ्या वाटेत ‘पश्चिमेला असलेल्या’ अमेरिकेकडे जाताना दोरा एकदाही पश्चिमेला वळत नाही.

मग विमान या दोऱ्यावरून का जात नाही? पहिली अडचण दिल्लीहून निघाल्या निघाल्या येते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. उडताना विमानातला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला तातडीने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. पठारावर तीन हजार मीटरला हवा नाही, डोंगर आहे. जादा प्राणवायूची सोय आणि आधी आखलेल्या सुटकेच्या वाटा असल्या तर काही विमाने तिथून जातात, पण रोजच्या सेवेसाठी बहुतेक कंपन्या तो भाग टाळतात. दुसरी अडचण परवान्यांची: चीन, रशिया, प्रत्येकाचे आकाश, प्रत्येकाचे शुल्क. तिसरी अडचण ध्रुवीय प्रदेशाची: इंधन गोठू न देण्याची काळजी, तुरळक विमानतळ, संपर्काच्या अडचणी. तरीही पहिलीच अडचण इतकी मोठी आहे की उरलेल्यांचा विचार नंतर केला तरी चालतो.

इथे एक विषयांतर. २०१६ च्या त्या उड्डाणाला बातम्यांत ‘जगातले सर्वांत लांब विनाथांबा उड्डाण’ म्हटले गेले. तेव्हा तो मान दुबई–ऑकलंडकडे होता, सुमारे १४,२०० किलोमीटर. कापलेले अंतर धरले तर १५,३०० नक्कीच मोठे. पण असे विक्रम दोऱ्याच्या अंतरावर मोजण्याची पद्धत आहे, आणि दोऱ्यावर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३८० म्हणजे त्या स्पर्धेत कुठेच बसत नाही. आज त्या यादीत वर असलेले सिंगापूर–न्यूयॉर्कही दोऱ्यानेच मोजतात: १५,३४९ किलोमीटर. मला ही पद्धत योग्य वाटते. वळसा घेऊन विक्रम करायचा म्हटले, तर त्याला अंतच नाही.

हवेतले अंतर

वाहत्या नदीत होडी वल्हवणाऱ्याचे दमणे हे काठावरच्या दगडांवर अवलंबून नसते. त्याने किती पाणी कापले, यावर असते. प्रवाहाच्या दिशेने गेला तर काठावरचे दोन किलोमीटर एका किलोमीटरच्या कष्टात होतात. विमानाचेही असेच आहे. इंजिन हवेतून पुढे ढकलते, जमिनीवरून नव्हे. या मार्गावरचे बोइंग ७७७-२०० एलआर हवेच्या संदर्भात ताशी साधारण ८९० किलोमीटर वेगाने जाते, मग खाली जपान असो की ग्रीनलंड. हा वेग जवळपास ठरलेला असतो. बदलते ती हवा.

तेव्हा विमानाला लागणारा वेळ काढायचा तर दोऱ्याचे अंतर किंवा जमिनीवरून कापलेले अंतर घेऊन उपयोग नाही. विमानाने किती हवा कापली, ते धरावे लागते. साडेचौदा तास गुणिले ८९०: पॅसिफिकवरून विमानाने सुमारे १२,९०० किलोमीटर हवा कापली. अटलांटिकवरून वेळ साडेसोळा तास धरला तर सुमारे १४,७०० किलोमीटर. या मापाने लांबची वाट कोणती हे उलटे होते. जमिनीवर पॅसिफिकची वाट १,४०० किलोमीटर जास्त, हवेत ती १,८०० किलोमीटर कमी. मूळ बातमीतले कोडे इथे संपते. उरतो तो वाऱ्याचा हिशेब.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. मध्य अक्षांशांवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान पट्टे. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. हिवाळ्यात तो फरक वाढतो आणि पट्टे जोर धरतात. जगातला सर्वांत जोरदार पट्टा हिवाळ्यात जपानवर असतो. तिथे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेग मिळतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला होता. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि तो जगाने वाचलाच नाही. १९४४ च्या अखेरीस जपानवर आलेल्या अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानांना हा वारा प्रत्यक्ष लागला, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली.

दिल्लीच्या बाबतीत ऑक्टोबर महिना अनुकूल आहे. पावसाळ्यात जेट स्ट्रीम तिबेटच्या उत्तरेला सरकलेली असते. मान्सून माघारी फिरला की ती हिमालयाच्या दक्षिणेला परत येते. दिल्लीहून पूर्वेला निघालेले विमान चढून स्थिरावते न स्थिरावते तोच वारा पाठीशी असतो, आणि पुढे तोच पट्टा चीनवरून जपानपर्यंत जातो.

याबद्दलचा एक गैरसमज तेव्हाच्या बातम्यांच्या निमित्ताने पुन्हा वर आला होता: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेला जाणारे विमान लवकर पोहोचते. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच फिरते. तसे नसते तर विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाला ताशी १,६७० किलोमीटरचा वारा लागला असता. भ्रमणाचा संबंध वाऱ्याची दिशा ठरवण्यापुरता आहे. विमानाला मदत होते ती वाऱ्याची.

छापील आकड्यांची उलटतपासणी

आता मला खटकलेली गोष्ट. १५,३०० ला साडेचौदाने भागले तर सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो. चढण, उतरण, धावपट्टीच्या आसपासची संथ वळणे सगळी धरून. म्हणजे सगळ्या वाटेवर सरासरी दीडशेहून जास्त वेगाचा वारा पाठीशी हवा. जपानवर तेवढा वारा सहज मिळतो, पण साडेचौदा तास सलग मिळणे कठीण.

ताडून पाहायला एक चांगले उदाहरण आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगने याच जातीचे विमान, ७७७-२०० एलआर, हाँगकाँगहून लंडनला उलट्या दिशेने नेले. सरळ वाट साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ते गेले पूर्वेकडून: पॅसिफिक, उत्तर अमेरिका, अटलांटिक. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे. मुद्दाम वाऱ्यावर स्वार होऊन केलेल्या या विक्रमी उड्डाणाचा सरासरी वेग ताशी ९५२ किलोमीटर भरला. म्हणजे १,०५५ हा आकडा फारच वरचा.

मग मी दुसऱ्या बाजूने गणित केले. दिल्ली ते टोकियोचा नारिता विमानतळ ५,९१० किलोमीटर, नारिता ते सॅन फ्रान्सिस्को ८,२३० किलोमीटर, एकूण १४,१४०. त्याला साडेचौदाने भागले तर ताशी ९७५ येतात, म्हणजे पाठीशी सरासरी पंचाऐंशी किलोमीटरचा वारा. हे पटण्यासारखे आहे. प्रत्यक्षातली वाट यापेक्षा थोडी वाकडी असणारच, पण अकराशे किलोमीटरने वाकडी असावी असे मला वाटत नाही. माझा कौल असा: छापून आलेल्या वेळेवर विश्वास ठेवावा, अंतरावर जरा कमी. लांबची वाट लवकर संपली हा मूळ निष्कर्ष दोन्ही हिशेबांत टिकतो. फक्त वळसा १,४०० ऐवजी काही शेकड्यांचा ठरतो. शीर्षकात मी छापील आकडाच ठेवला आहे, कारण प्रकरण त्या आकड्यानेच गाजले.

वेळेवर विश्वास का, तर ती घड्याळावरून वेगळी तपासता येते. विमान पहाटे चारला निघाले आणि त्याच तारखेला, रविवारी, सकाळी साडेसहाला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. घड्याळ म्हणते अडीच तास. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते (नोव्हेंबरमध्ये ते हिवाळी वेळेवर गेले की साडेतेरा). अडीच अधिक साडेबारा, पंधरा तास. त्यातून दोन्हीकडचे जमिनीवरचे रांगणे वजा केले की साडेचौदा. बरोबर जुळते. तिकिटावर छापलेला वेळ हा असा दाराकडून दारापर्यंतचा असतो, हवेतला नव्हे. दोन्हींची तुलना करताना लोक नेहमी इथे चुकतात.

त्या उड्डाणात तारखेची गंमतही होती. १६ तारखेच्या पहाटे निघालेले विमान पूर्वेला जाताना दिवस झपाट्याने संपला, संध्याकाळ झाली, आणि पॅसिफिकच्या मध्यावर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच तारीख १५ झाली. मग रात्र काढून प्रवासी उतरले ते पुन्हा १६ तारखेला, सूर्योदयाच्या आधी. अंधारात निघाले, अंधारात उतरले आणि मधला दिवस काही तासांत आटोपला.

परतीचा मार्ग अटलांटिकवरूनच राहिला, कारण कॅलिफोर्नियाहून निघतानाही वारा पूर्वेकडेच जाणारा. थोडक्यात, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को आणि परत, म्हणजे विमानाची पृथ्वीप्रदक्षिणा.

चुकून बरोबर आलेले उत्तर

अंतर सांगणारी संकेतस्थळे बहुधा उड्डाणाचा वेळही सांगतात. त्यांची रीत साधी असते: दोऱ्याचे अंतर घ्यायचे, ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या एका ठरावीक वेगाने भागायचे, चढण-उतरणीचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. १२,३८० भागिले ८०५, अधिक अर्धा तास, म्हणजे पंधरा तास त्रेपन्न मिनिटे. प्रत्यक्ष वेळा साडेचौदा ते साडेसोळाच्या दरम्यान असल्याने हे उत्तर चांगलेच वाटते.

पण ते ज्या कारणांनी येते ती दोन्ही चूक आहेत. अंतर खऱ्यापेक्षा कमी धरलेले, वेगही खऱ्यापेक्षा कमी धरलेला. दोन चुका एकमेकींना खातात. जिथे वाट दोऱ्याच्या जवळून जाते आणि वारा फारसा नसतो, तिथे हेच सूत्र जास्त वेळ सांगेल. जिथे समोरचा वारा जोरदार आहे तिथे कमी. शिवाय जाण्याचा आणि येण्याचा वेळ ते एकच सांगते, आणि जानेवारीतला व जुलैतलाही एकच. पूर्व-पश्चिम लांब प्रवासात या दोन्ही गोष्टी जवळपास कधीच खऱ्या नसतात. मला कोणी दोन दूरच्या विमानतळांमधला वेळ विचारला तर मी सूत्र वापरत नाही. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाच्या मागच्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहतो, दोन्ही दिशांच्या वेगवेगळ्या. त्यात पंधरा-वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा चढउतार दिसतो, आणि तो चढउतारच खरी माहिती असते.

कंपनीचा नियोजन विभागही तत्त्वतः हेच करतो, फक्त भविष्याकडे तोंड करून. लंडन आणि वॉशिंग्टन या नावांच्या जागतिक हवामान-अंदाज केंद्रांकडून वेगवेगळ्या उंचींवरच्या वाऱ्यांचा अंदाज येतो. संगणक त्यावर शेकडो वाटा तपासतो आणि वेळ, इंधन व आकाशशुल्क यांची बेरीज कमीत कमी होईल ती निवडतो. पॅसिफिकवर तर वाऱ्याप्रमाणे रोज नव्या वाटा आखल्या जातात. काल ज्या वाटेने विमान गेले त्याच वाटेने आज जाईल असे नाही. ७७७ सारखे विमान तासाला साधारण सात टन इंधन जाळते, म्हणजे दोन तास वाचले तर चौदा टन. त्यातही जे इंधन लागणार नाही ते उचलून न्यावे लागत नाही, म्हणून बचत थोडी वाढतेच.

तिसरी वाट, आणि बंद होणारी दारे

१५ ऑगस्ट २०१९ रोजी एआय १७३ ध्रुवीय प्रदेशावरून नेण्यात आले. दिल्लीहून पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया आणि आर्क्टिक. तिबेटचे पठार डाव्या अंगाने चुकवायचे आणि मग जमेल तेवढे दोऱ्याच्या जवळ यायचे, अशी ही वाट. उद्देश वेळ आणि इंधन वाचवण्याचाच, पण युक्ती उलटी: पॅसिफिकवर वाऱ्याची मदत घेतली होती, इथे अंतरच कमी केले. तारखेकडे बघा. पाकिस्तानचे आकाश २७ फेब्रुवारीपासून जवळपास साडेचार महिने बंद होते आणि १६ जुलै २०१९ ला उघडले. महिन्याभराने ही वाट वापरता आली.

एकाच जोडीला चार वर्षांत तीन वाटा मिळाल्या. कोणत्या दिवशी कोणती, हे आता वारा आणि राजकारण मिळून ठरवू लागले. २०२२ च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये युरोप-अमेरिकेने रशियन विमानांना आणि रशियाने बहुतेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली हीच सेवा चालवणाऱ्या युनायटेड या अमेरिकन कंपनीने मार्च २०२२ मध्ये ती थांबवली. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, विमानेही तोलामोलाची, पण एका देशाच्या कंपनीला जी वाट खुली ती दुसऱ्या देशाच्या कंपनीला बंद.

खुल्या वाटेचीही किंमत असते. ६ जून २०२३ रोजी एआय १७३ एका इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान शहरात उतरवावे लागले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. मगदान साठाव्या अक्षांशावर आहे. त्याच रेखांशावर दोरा पंचाहत्तराव्या अक्षांशावरून जातो आणि तिथून थोडे पश्चिमेला असलेले टोकियो छत्तिसाव्याच्याही खाली येते. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम क्षीण होते, दक्षिणेला जाऊन वारा पकडण्यात फायदा उरत नाही, म्हणून वाट उत्तरेकडे सरकते. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला नियम आहे की एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या वेळात कोणत्या तरी विमानतळावर पोहोचता आले पाहिजे. मुळात ही मर्यादा साठ मिनिटांची होती; विमानाची आणि कंपनीची पात्रता पाहून ती १२०, १८० किंवा त्याहून जास्त मिनिटांपर्यंत वाढवून मिळते. सैबेरियाच्या टोकाला असलेली मगदानसारखी नावे वाटांच्या आखणीत येतात ती यामुळे. विमान सुखरूप उतरले. पण प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान भारतातून पाठवावे लागले, आणि पंधरा-सोळा तासांचा प्रवास ८ जूनला संपला.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. भारतातून वायव्येला जाणारी प्रत्येक वाट लांबली. दिल्ली–वॉशिंग्टन दोऱ्याने १२,०६० किलोमीटर आहे, सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा सव्वातीनशे किलोमीटर जवळ. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून वॉशिंग्टनची सेवा थांबवली. कारणे दोन दिली: नूतनीकरणासाठी बाजूला काढलेली विमाने आणि हे बंद आकाश. सॅन फ्रान्सिस्कोची सेवा मात्र चालू राहिली. तिथे पूर्वेकडून जाता येते, आणि पॅसिफिक संपला की धावपट्टीच लागते. वॉशिंग्टनला त्याच वाटेने जायचे म्हटले, तर पॅसिफिक संपल्यावर अख्खी अमेरिका आडवी ओलांडायची राहते.